वहीतलं प्रमाण अक्षर

तिसरीच्या इंग्रजीच्या वहीत प्रश्न होता : कवितेतल्या ढगाला काय वाटले असेल, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

लेक म्हणाली, "शू लागली असेल त्याला."

आईला घाम फुटला. ती पदवीधर होती. तिनं ढगाच्या अंतर्मनावर अस्खलित इंग्रजीत दहा ओळी रचल्या आणि त्या लेकीच्याच वाटाव्यात म्हणून डाव्या हातानं वहीत उतरवल्या. लेक शेजारी बसून पेन्सिलीला टोक काढत होती.

शेरा आला : उत्तम. मग काय विचारता! काळ आले, विशेषणं आली, पत्रलेखन आलं. वर्षभरात आईचा हात असा तयार झाला, की तिची वाणसामानाची यादीसुद्धा तिसरीतल्या अक्षरात उतरू लागली.

वार्षिक परीक्षेला मात्र लेकीला एकटीलाच आत सोडलं. ढग पुन्हा आला होता. तिनं आपल्या वळणदार अक्षरात त्याची अडचण प्रामाणिकपणे नोंदवली.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मोठ्या बाईंनी वही आणि उत्तरपत्रिका शेजारीशेजारी ठेवल्या.

"परीक्षेला तुमच्या मुलीच्या जागी कुणीतरी तोतया बसली होती."

"अहो बाई, तीच होती! मी स्वतः फाटकापर्यंत सोडलं तिला."

"अक्षर जुळत नाही. विचारांची खोली तर नाहीच नाही. तोतया मुलीला चौथीत कसं घालणार?"

"मीच लिहिलंय ते," लेक म्हणाली. "वहीत तर आई—"

आईनं तिला चिमटा काढला. खरं बोलावं तर वर्षाचे गुण जाणार, न बोलावं तर वर्षच जाणार.

बाई जरा नरमल्या. "नियमात एक सोय आहे. पंधरा दिवसांत मुलीनं स्वतःचं अक्षर शिकून घ्यावं. फेरपरीक्षा घेऊ. वहीतलं अक्षर प्रमाण."

त्या दुपारपासून आई लेकीचा डावा हात धरून बसू लागली.

"आई, हे कुणाचं अक्षर गं?"

"तुझंच, बाळा. गिरव."

फेरपरीक्षेला अख्खा वर्ग आला होता. बाहेर पालकांची रांग हमीपत्रावर सह्या करत होती : 'आम्ही पाल्यास गृहपाठात कधीही मदत केलेली नाही.' एकजात सगळ्यांनी डाव्या हातानं सही केली. शेवटी मोठ्या बाईंनी शिक्का मारून सही ठोकली. त्यांचा नातू दुसरीत होता. सही डाव्याच हातानं झाली.

हसू नका. आधी बघा, हे पान तुम्ही कुठल्या हातात धरलंय.