हेलियमचे पालक

प्राचार्यांनी बोलावून घेतलं तेव्हा रसायनशास्त्राच्या सरांना वाटलं, प्रयोगशाळेतल्या गळक्या नळाबद्दल असेल. नळ तीन वर्षं गळत होता आणि सरांनी त्याबद्दल नऊ अर्ज दिले होते. पण यंदाच रुजू झालेल्या प्राचार्यांनी नळाचं नावही काढलं नाही. त्यांनी पहिल्या वर्षाचा निकाल सरांपुढे सरकवला. निम्म्याहून जास्त वर्ग रसायनशास्त्रात गटांगळ्या खात होता.

"मुलांना घरी बसून वापरता येईल असं अभ्याससाहित्य शोधा, सर. व्हिडिओ, सराव चाचण्या, जे काही चांगलं असेल ते. सोमवारी यादी द्या," प्राचार्य म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत पुढे म्हणाले, "नाहीतर पहिलं वर्ष आपण नव्या मॅडमना देऊ. तुम्ही आता जरा निवांत व्हा."

'निवांत' हा शब्द सरांना झोंबला. अठ्ठावीस वर्षं ते पहिल्या वर्षाला शिकवत आले होते. पहिल्याच दिवशी ते तांब्याचा क्षार ज्योतीत धरत, ज्योत हिरवीगार होई आणि सगळा वर्ग बाकावरून पुढे झुके. पुढच्या दिवशी मुलं पुन्हा मागे रेलून बसत ही गोष्ट वेगळी. पण तो एक दिवस सरांना वर्षभर पुरायचा. तो वर्ग गेला असता तर त्यांच्या वाट्याला उरली असती फक्त टाइमटेबल समिती.

यादी करणं तसं डाव्या हातचा मळ. दुसरा कुणी असता तर दहा नावं उतरवून मोकळा झाला असता. पण सर पडले रसायनशास्त्राचे. बाटलीवर 'पाणी' असं लिहिलेलं असलं तरी ते आधी खात्री करून घेत. स्वतः करून पाहिल्याशिवाय मुलांना काही द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. म्हणून शनिवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून त्यांनी लॅपटॉप उघडला आणि एका बऱ्याशा दिसणाऱ्या साइटवर विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायला घेतलं.

फॉर्मात खोटं लिहिणं सरांच्या रक्तात नव्हतं. कॉलेजचं नाव त्यांनी खरं लिहिलं. वर्ग पहिलं वर्ष, तेही एका अर्थी खरंच होतं. वयाची यादी मात्र सोळाला सुरू होऊन पंचविसाला संपत होती. सरांनी बराच विचार करून पंचवीस निवडलं, कारण सत्तावन्नाच्या त्यातल्या त्यात जवळचं तेच होतं. टोपणनाव म्हणून 'हेलियम' घेतलं, कारण तो वायू कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि 'पालकांचा मोबाईल नंबर' हा रकाना भरल्याशिवाय साइट पुढे सरकेना, तेव्हा त्यांनी बायकोचा नंबर टाकला. घोडं पेंड खाणार होतं ते नेमकं इथंच.

सरांची बायको तीस वर्षं प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होती. बाईंना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण त्यांचा आवाज अजून निवृत्त झाला नव्हता.

पहिली चाचणी दहा प्रश्नांची होती. सरांनी कोरा कागद घेतला. दिलेली माहिती, सूत्र, आकडेमोड, उत्तर, उत्तराखाली पट्टीनं दोन रेघा. मुलांनी पायऱ्या गाळल्या की ते गुण कापत, मग स्वतः कशा गाळणार? तिसऱ्या प्रश्नाच्या दोन रेघा मारून त्यांनी मान वर केली, तर वेळ संपली होती. दहापैकी तीन. खाली पिवळ्या पट्टीत लिहिलं होतं, 'तुमचा गट: नवशिके'.

दुसऱ्या चाचणीला त्यांनी कागद फेकला आणि घाईला लागले. उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असतं, असा प्रश्न आला. सरांचं बोट घसरलं आणि 'हवा' या उत्तरावर पडलं. दहापैकी चार.

आतल्या खोलीत बाईंचा मोबाईल वाजला. थोड्या वेळानं त्या चष्मा लावून बाहेर आल्या.

"अहो, हा हेलियम कोण?"

"का गं?"

"'आपला पाल्य हेलियम अभ्यासात मागे पडत आहे. घरी अभ्यासाचे वातावरण ठेवावे.' असा निरोप आलाय मला."

सरांनी सगळं सांगून टाकलं. बाई हसतील अशी त्यांची अपेक्षा होती. पण पालकांच्या नावानं आलेल्या निरोपाची तीस वर्षांत बाईंनी कधी थट्टा केली नव्हती. त्यांनी मुकाट्यानं टीव्ही बंद केला, टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि खुर्ची ओढून सरांशेजारी बसल्या.

"बुडबुड्यात हवा नसते का?" त्यांनी विचारलं.

"नसते. सुरुवातीला थोडी असते, ती निघून जाते. पाणी खळखळायला लागलं की आत पाण्याचीच वाफ असते. म्हणजे बघ, पाण्याच्या पोटातच पाण्याची वाफ होते, म्हणून तर ते उकळतं."

"छान सांगितलंत. वर्गात सांगता का असं?"

"वर्गात उत्कलनबिंदूची व्याख्या लिहून देतो."

तेवढ्यात साइटनं सरांना त्यांच्याच कॉलेजच्या गटात नेऊन बसवलं. तिथं आधीच चाळीसेक जण होते. म्हणजे सर ज्या साहित्याच्या शोधात होते, त्यावर मुलं केव्हाचीच ठाण मांडून बसली होती. सगळी टोपणनावांनी. त्यातल्या 'शेवटचा बाक' नावाच्या प्राण्यानं लगेच नव्या मेंबराची विचारपूस केली.

'दहात चार? टेन्शन घेऊ नको. मला पहिल्यांदा दोन होते. काय अडलंय?'

सरांनी सावधपणे लिहिलं, 'वर्गात सरांना विचारतोच.'

'ते सोडून काहीही कर. विचारलं की ते म्हणतात, मागच्या तासाला झोपला होतास का.'

सर हे वाक्य म्हणत असत. आठवड्यातून दोनदा तरी म्हणत. त्यात आपण काही वावगं बोलतो असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आज ते वाचून त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस करतो तेच त्यांनी केलं, म्हणजे भांडायला उठले.

'सरांचा अनुभव अठ्ठावीस वर्षांचा आहे,' त्यांनी लिहिलं.

'त्यांचं अठ्ठाविसावं असेल रे. आमचं पहिलंच आहे ना.'

बाईंनी खांद्यावरून वाचलं आणि तोंडाला पदर लावला. मग त्या उठून चहा ठेवायला गेल्या. सर एकटेच पडद्याकडे बघत बसले.

रविवारी सरांनी इमानेइतबारे एकोणीस साइट तपासून यादी पूर्ण केली. हेलियमकडे बघायला त्यांना सवड झाली नाही, धीरही झाला नाही. साइट मात्र विसरली नाही. दुपारी बाईंना निरोप आला, 'आपला पाल्य आज अभ्यासाला बसलेला नाही.' संध्याकाळी दुसरा आला, 'पालकांनी विषयशिक्षकांची भेट घ्यावी.'

"काढून टाक तो निरोप," सर म्हणाले.

"बघते काय करायचं ते," बाई म्हणाल्या.

सोमवारी अकरा वाजता सर यादी घेऊन प्राचार्यांच्या खोलीत गेले, तर समोरच्या खुर्चीत बाई बसलेल्या. ठेवणीतली साडी, मांडीवर पर्स, हातात मोबाईल. पालकानं आधी मुख्याध्यापकांना भेटावं, परस्पर वर्गात घुसू नये, हा त्यांनी स्वतःच्या शाळेत घालून दिलेला नियम होता आणि त्या तो पाळत होत्या.

"या सर," प्राचार्य म्हणाले. "या एका विद्यार्थ्याच्या पालक आहेत. साइटवर त्याचं नाव हेलियम आहे म्हणे. हल्लीची मुलं काय नावं घेतील नेम नाही. बोला बाई, हेच विषयशिक्षक."

सरांनी खरं सांगायला तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. त्या नजरेपुढे तीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग चिडीचूप बसले होते. सरही बसले.

"आमचं मूल हुशार आहे, सर," बाई म्हणाल्या. "कष्टाळूही आहे. समजावून सांगायला बसलं तर असं सुरेख सांगतं, की मला या वयात कळलं. पण वर्गात गेलं की त्याचं काय होतं कोण जाणे. नुसत्या व्याख्या. कुणी काही विचारलेलं त्याला सहन होत नाही, आणि कुणी विचारेनासं झालं की आपलं सगळ्यांना समजलं असं धरून चालतं."

प्राचार्यांना हे वर्णन विद्यार्थ्याचं म्हणून जरा चमत्कारिक वाटलं, पण पालक बोलत असताना मध्ये बोलू नये म्हणून ते गप्प राहिले.

सरांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "घरी लक्ष द्या."

"घरी लक्ष देऊनच आले आहे," बाई म्हणाल्या. "आता कॉलेजातही कुणीतरी द्यायला पाहिजे. मूल या वर्गाशिवाय राहू शकत नाही, सर. मला माहीत आहे."

लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण बायको आपल्याबद्दल इतकं सलग बोललेली त्यांनी आज पहिल्यांदा ऐकली.

"तुमचं बरोबर आहे," सर हळूच म्हणाले. "चूक शिक्षकाची आहे."

प्राचार्य खुर्चीत सरळ झाले. शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य त्यांनी उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं.

"सर, यादी ठेवा बाजूला," ते म्हणाले. "आपण असं करू. महिन्याभरात हा मुलगा नवशिक्यांच्या गटातून वर आला, तर पहिलं वर्ष तुमच्याकडेच. बाई, येतील ते निरोप तुम्ही मला पाठवत चला."

"आणि नाही आला तर?" सरांनी दबक्या आवाजात विचारलं.

"न येऊन सांगतो कुणाला," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

संध्याकाळी सर मुकाट्यानं टेबलाशी बसले. महिना म्हणजे काही फार दिवस नव्हते. पायऱ्या न लिहिता उत्तरापर्यंत कसं पोचायचं, ते त्यांना कुणाकडून तरी शिकणं भाग होतं. खूप वेळ घुटमळून त्यांनी शेवटच्या बाकाला विचारलं, 'मला शिकवशील का?'

उत्तर लगेच आलं. 'शिकवतो की. उद्या दहाला ये. सरांचा तास बुडवू आणि लायब्ररीत बसू निवांत.'

सरांनी दोनदा काहीतरी लिहून खोडलं. बाई शेजारी बसून बघत होत्या.

'उद्याचा तास नको बुडवायला,' सरांनी शेवटी लिहिलं. 'उद्या सर प्रश्न विचारू देणार आहेत.'

'तुला कुणी सांगितलं?'

'आमच्या घरचे आज त्यांना भेटून आले.'

'घरच्यांची कमाल आहे,' शेवटच्या बाकानं लिहिलं. 'बरं, येतो. तू माझ्या शेजारी बस.'