शिफारशीचा सहावा फोन

"चारचौघांच्या कानावर घाल. घरात बसून कोण बोलावणार आहे?" नवरा बूट घालता घालता म्हणाला.

बाळाच्या आधी ती मुद्रितं तपासायची, म्हणजे छापण्याआधी पानांतल्या चुका शोधायची. आता बाळ सव्वा वर्षाचं झालं होतं आणि तिला पुन्हा काम हवं होतं. इतकं की विजेच्या बिलावरच्या चुकांनाही ती पेन्सिलने खुणा करायला लागली होती. पण मागायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

शेवटी धीर करून तिने तिघींना सांगितलं: नणंदेला, जुन्या मैत्रिणीला आणि बाळाच्या डॉक्टरीणबाईंना. कुणाला बोलू नका, पण कुठे काही असलं तर विचारा, असंही वर बजावलं.

तिघींनी ते फारच मनावर घेतलं. जवळपास छापखाना एकच. नणंद त्याच्या मालकांच्या मुलीला गाणं शिकवायची, तिने सोमवारी फोन केला. डॉक्टरीणबाई मालकांच्या नातवाला तपासायच्या, त्यांनी मंगळवारी केला. त्याच दिवशी नवऱ्यानेही गुपचूप कागदवाल्याकडून एक करवला, आणि नणंदेचे यजमान मागे कसे राहतील? बुधवारी मैत्रिणीचा फोन गेला. तिचा भाऊ मालकांची दाढी करायचा. त्याने वस्तरा गळ्यापाशी थांबवून विचारलं, मग काय ठरलं? मालक बघू म्हणाले. मान हलवण्यासारखी परिस्थिती नव्हती.

हे सगळं नणंदेने कौतुकाने सांगितलं तेव्हा तिला वाटलं, काम तर जाणारच, वर आगाऊ म्हणून नाव होणार. बाजारात जाऊन येते, असं सांगून तिने बाळ आपल्या आईकडे सोपवलं आणि माफी मागायला छापखाना गाठला.

मालक यंत्रात अडकलेला कागद ओढत होते. कोपरापर्यंत शाई. तिने नाव सांगितल्यावर त्यांनी तिला नीट न्याहाळलं. "पाच फोन आले, बाई. माझ्या लग्नात इतक्या लोकांनी चौकशी केली नव्हती."

ती माफीची सुरुवात करणार, तोच टेबलावरचा फोन वाजला. मालकांनी काळे हात वर केले. "घ्या. तुमच्यासाठीच असेल."

तिने रिसीव्हर उचलला.

"साहेब, मी तिची आई. मध्ये बोलू नका, मी घाबरते. ती स्वतः मागणार नाही हो. शाळेत तहान लागली तरी पाणी मागायची नाही, घरी येऊन दोन तांबे प्यायची. पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. चष्मा नसला की मी औषध चाचपडत शोधते, हे तिने पाहिलं. बोलली नाही एका शब्दाने. बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. अशी माणसं लागतात ना तुम्हाला? आणि मी फोन केल्याचं तिला कळू देऊ नका."

"हं," ती आवाज जाड करून म्हणाली. त्यासाठी फार प्रयत्न करावे लागले नाहीत.

आईचा आवाज खणखणीत, मालकांना शब्द न् शब्द ऐकू गेला होता. ते चिंधीने एकेक बोट पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "उद्या दहाला म्हणावं."

"उद्या दहाला पाठवा," ती म्हणाली.

पलीकडे क्षणभर फक्त बाळाची बडबड ऐकू आली.

"दहाला कसं जमेल तुला?" आई म्हणाली. "तेव्हा बाळ तुझ्याशिवाय झोपतं का? अकरा सांग त्यांना."