मँचेस्टर मुक्कामी तीन डब्यांचे नामांतर

सकल विद्यांच्या अधिपतीस वंदन करून, मँचेस्टर प्रांती सॉफ्टवेअरच्या डब्यांचे स्थलांतर कैसे जाहले, तो मजकूर घडला तैसा येणेप्रमाणे.

वैभवीबाईसाहेब, माहेर सांगली, सासर नागपूर, दवाखान्यांच्या रुग्णांस अपॉइंटमेंटीचे निरोप धाडणारी यंत्रणा राखीत होत्या. ती यंत्रणा तीन कंटेनरांत, म्हणजे बंद डब्यांत, नांदत होती : नोंदणी, साठा आणि निरोप. एके शुक्रवारी टीम लीड पुरुषोत्तमपंतांचे फर्मान सुटले, की डबे चालविणारे जुने टूल बरखास्त करून तिन्ही डबे नव्या टुलात दाखल करावे, आणि चार वाजताचे निरोप बिनतक्रार सुटल्याखेरीज कोणी रजेवर कूच करू नये. बाईसाहेबांच्या मातोश्रींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन रविवारी मुक्रर होते आणि विमान त्याच शुक्रवारच्या संध्याकाळचे होते. प्रसंग बाका.

मग शेजारच्या मेजावरील सरदार अनुपराव यांनी कॉफी प्राशन करून डबे हलविले आणि डबे सुखरूप पोहोचले. परंतु नव्या टुलाचा रिवाज ऐसा, की आल्या प्रत्येकास घराण्याचे नाव लावावे. साठा हा 'दवाखाना-साठा' जाहला, आणि निरोपाचा डबा मात्र पूर्ववत 'साठा' म्हणोन हाका मारीत राहिला. त्या नावाचा तेथे कोणी उरला नव्हता, म्हणोन ओ कोणी दिली नाही, आणि पडद्यावर लाल अक्षरांची फौज उतरली.

अनुपरावांनी समशेर उपसून प्रोग्रामातील जुनी नावे कापण्यास आरंभ केला. एक कापावे तो चार ठिकाणी नवा बखेडा. पंतांनी, मिशी नसता, मिशीच्या जागी हात फिरविला आणि हुकूम केला, की न साधल्यास डबे मागे न्यावे आणि शनिवार-रविवारी सर्वांनी हजर राहावे.

इतक्यात नागपुराहून सासूबाईंचा फोन आला.

"सुमेधा, जेवलीस का गं?"

"हो आई, मघाशीच."

फोन ठेविताच अनुपरावांनी पुसिले, "सुमेधा कोण?"

"मीच. लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलेलं नाव. सासरी तेच चालतं."

"आणि वैभवी?"

"तीपण मीच. दोन्ही नावांना ओ देते, पगार मात्र एकच मिळतो."

ऐसे बोलता बाईसाहेब थबकल्या आणि खुर्ची पुढे ओढून नव्या टुलाच्या फायलीत एक ओळ लिहित्या जाहल्या, की दवाखाना-साठा यास कोणी 'साठा' म्हणोन हाक मारल्यास त्यानेच ओ द्यावी. उरल्या दोघांसही तीच सनद दिधली.

"एवढंच?" अनुपराव.

"एवढंच. तू तलवार म्यान कर आणि जे कापलंस ते परत जोड."

चाराच्या ठोक्यास निरोप सुटले. लाल फौज पळाली. पंतांनी रजा बहाल केली आणि बाईसाहेब बॅगेसहित ट्रॅममध्ये आरूढ होऊन विमानतळाकडे निघाल्या. वाटेत सांगलीस फोन करून 'येतेय' म्हणोन वर्दी दिधली.

"ये गं, चिमे," मातोश्री म्हणाल्या.

"हो," म्हणोन बाईसाहेबांनी त्याही नावास ओ दिधली.

डबे तीन सलामत, सरदार एक अंमळ खजील, मोहीम फत्ते. हे वर्तमान दफ्तरी दाखल असे.