गजभियेंची छत्री

वाळूत जीप घालण्यापूर्वी गजभिये टायरमधली थोडी हवा सोडत आणि ती सुटत असताना टायरला कान लावून, डोळे मिटून ऐकत. डॉक्टरनेही माझी छाती इतकी मन लावून कधी तपासली नाही. मग उठून हात झटकत अर्ध्या अरबीत जाहीर करत, "मफी प्रॉब्लेम! काहीच प्रॉब्लेम नाही! बसा भाऊ, यल्ला, चला!"

ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णव सालची गोष्ट. बहरीनची राजधानी मनामा, तिथल्या आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. मूळचे भंडाऱ्याचे, एका कंपनीत ड्राफ्ट्समन. वाळवंटात छत्रीसारखा एक दगड आहे, खाली बारीक दांडा आणि वर घुमट, आणि अख्ख्या बहरीनमध्ये तो आपल्यालाच माहीत आहे, असा त्यांचा दावा होता.

दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, ते मला आणि माझ्या बायकोला तो दाखवायला नेत आणि तेलाच्या पाइपलाइनपाशी हटकून रस्ता चुकत. "वाऱ्यानं वाळू हलवली, भाऊ. पुढच्या शुक्रवारी, इंशाल्ला!" मग आम्ही तिथेच पुरी-भाजी खायचो.

"भाऊजी, छत्री घरीच विसरलात का?" बायको विचारायची.

"गजभियेचा शब्द आहे, वहिनी!" ते मान ताठ करून सांगत.

त्यांच्या बायकोचा, सुमनवहिनींचा, व्हिसा मात्र दरवर्षी कुठेतरी अडायचा. त्याबद्दल विचारलं की गजभिये टायर तपासायला उठत.

शेवटी एकदाचा व्हिसा आला. वहिनी आल्या त्याच शुक्रवारी गजभियेंनी आम्हालाही जीपमध्ये बसवलं. पाइपलाइन आली. गजभियेंनी वेगसुद्धा कमी केला नाही, सरळ डावीकडे वळले आणि टेकाड ओलांडलं. समोर छत्री उभी होती! तिच्याखाली दोन सपाट दगड शेजारी शेजारी मांडलेले होते.

"अव माय! हा तं खरंच छत्रीसारखा हाये!" वहिनी म्हणाल्या.

मी गजभियेंना बाजूला घेतलं. "कधीपासून माहीत होता?"

"आलो त्याच वर्षापासून. पण पहिले हिले दाखवाचा होता."

"मग आम्हाला दर शुक्रवारी कशाला फिरवलंत?"

ते टायरकडे बघत राहिले. "एकट्यानं शुक्रवार जाये नाही, भाऊ."

ते जाऊन वहिनींशेजारी बसले. सावली जेमतेम दोघांपुरतीच होती. आम्ही जीपपाशी उन्हात पुरी-भाजीचा डबा उघडला.

"सांगा आता सगळ्यांले!" गजभिये तिथून गरजले. "छत्री हाये का नाही?"

"आहे!" आम्ही दोघंही उन्हातून ओरडलो.