उंबऱ्याबाहेरचा रसेल

गेली तीन वर्षं रसेल आमच्याकडे चहाला येतो आणि इतक्या वर्षांत तो एकदाही आमच्या घरात आलेला नाही. नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावातल्या आमच्या घरात पायताणं दाराशी काढायची, हा माझ्या बायकोचा, मेधाचा नियम. आणि बूट काढायचे नाहीत, हा रसेलचा. त्यामुळे तो उंबऱ्याबाहेर, आम्ही उंबऱ्याच्या आत, असा आमचा चहा चालतो. पाऊस असला की तो छत्री घेऊन येतो. इथे पाऊस असतोच.

रसेल ऑस्ट्रेलियाचा. तिकडच्या पायदळात साधा शिपाई होता. अफगाणिस्तानात उरुझगानला डच आणि ऑस्ट्रेलियन सैनिक एकाच तळावर होते. तिथे डच भटारखान्यातल्या मारायकेशी त्याचं जमलं आणि सैन्य सोडून हा तिच्यामागे इकडे आला. लग्न काही टिकलं नाही. ती युट्रेख्टला निघून गेली आणि हा आमच्या शेजारी राहिला, एकटाच. पालिकेच्या बागांमधली झाडं छाटतो आणि संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजवतो.

माणसाची पारख तो पायांवरून करतो. एकदा नव्या बुटांनी टाच सोलवटून मी ऑफिसातून लंगडत येत होतो, तर या पठ्ठ्याने मला रस्त्यातल्या बाकावर बसवून मोजे काढायला लावले. येणारेजाणारे सायकलवाले बघताहेत, आणि हा माझी टाच हातात घेऊन व्याख्यान देतोय. "पाय गेले की माणूस गेला, मेट!" हे त्याचं पालुपद. वाढदिवसाला मला लोकरीचे मोजे, मेधाला लोकरीचे मोजे, आणि पुण्याला मेधाच्या आईलाही लोकरीचे मोजे. तेसुद्धा ऐन मे महिन्यात.

युद्धाबद्दल विचारलं की हसायचा. "युद्ध म्हणजे चालणं. पाठीवर बिऱ्हाड घेऊन दिवसभर चालायचं. मग थांबायचं. मग सार्जंट सांगणार, आपण उलट्या दिशेला आलोय." धूळ, माश्या, बेचव चहा, एवढंच त्याचं युद्ध. कधी मात्र बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा आणि चहा हातातच गार व्हायचा. तेव्हा मला त्याची थोडी भीतीही वाटायची.

यंदा दिवाळीत मेधाने जाहीर केलं, "माझा भाऊ कॅलिफोर्नियात, रसेलची बहीण पर्थला. मी त्याला ओवाळणार. पाटावर बसवून, प्रॉपर." त्याला विचारलं तर गडी चक्क लाजला. पण आत यावं लागेल, बूट काढावे लागतील म्हटल्यावर बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला.

"बहिणीसाठी काढतो," शेवटी म्हणाला.

भाऊबीजेच्या दुपारी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. बाहेर अंधारून आलं होतं. पायरीवर बसून त्याने नाडी सोडायला घेतली. थोडी सैल केली की थांबून रस्त्याकडे बघायचा. मला वाटलं, स्वारीला बुटांची काळजी लागलीय. धीर द्यावा म्हणून मी चपला अडकवून बाहेर आलो आणि म्हणालो, "तू निवांत आत जा. मी इथे बाहेर उभा राहून पहारा देतो."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने नाडी पुन्हा घट्ट बांधली आणि घरी निघून गेला. आत मेधा ताट घेऊन उभी होती.

मी त्याच्यामागे धावलो. आपल्या दारात उभा राहून, माझ्याकडे न बघता तो बोलला.

"तिकडे एका दुपारी माझी टाच फुटली होती. बुटात रक्त. पहारा माझा होता. माझा जोडीदार डीन म्हणाला, तू बूट काढ, मोजे बदल, तोवर मी उभा राहतो." त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं. "दुसरा मोजा चढवायच्या आत त्याला गोळी लागली. माझ्या जागेवर, मेट. माझ्या जागेवर."

मघाचं माझं वाक्य मला आठवलं. घरी येऊन मेधाला सांगितलं. तिने डोळे पुसले आणि ताट उचललं.

"तू पाट घे. आपण तिकडे जाऊ. बूट घालून बसू दे त्याला, पाट काही बाटत नाही."

रसेलने दार उघडलं. "बुटांसकट बस," मेधा म्हणाली आणि सरळ आत गेली. मी पाट आत सरकवला आणि बाहेरच घुटमळलो. पुन्हा काही चुकायला नको, असं मला वाटत होतं.

"तू आत ये," रसेल म्हणाला.

"असू दे रे, मी इथूनच—"

"नाही. आधी तू आत."

मी आत गेलो. त्याने दार लावलं, किल्ली फिरवली. मेधाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पाटावर बसून नाड्या सोडू लागला. त्याला खूप वेळ लागला. मेधा ताट घेऊन तशीच उभी राहिली आणि आम्ही कुणीही घाई केली नाही.