कुपवाडचा कॉम्प्युटर रविवारीच का रुसतो

"साताऱ्यात बसून सांगलीच्या गुन्हेगाराची झोप उडवणारा एकमेव संगणक-गुप्तहेर," असं उदयसिंहसाहेबांच्या कार्डावर छापलेलं आहे. एकमेव हे कुणी मोजलं, ते छापलेलं नाही. मी पायल, त्यांची मदतनीस. पगार मदतनिसाचा, काम दोघांचं.

प्रकरण कुपवाडच्या एका कारखान्यातलं. भट्टीचं तापमान नोंदवणारा तिथला कॉम्प्युटर आम्हीच बसवलेला. रविवारी माणसांना सुट्टी, भट्टीला नाही. त्या दुपारी कॉम्प्युटर अपडेट घेतो, आपोआप बंद होतो आणि परत चालूच होत नाही. सोमवारी ऑपरेटर मायाताई आल्या की शहाण्यासारखा चालू. असे चार रविवार गेले.

साहेबांनी आधी व्हायरस धरला, मग परदेशी हॅकर, शेवटी वॉचमन दादासो. "मोबाइल चार्ज करायला प्लग काढतो. चेहराच सांगतो!" फोनवर चेहरा कसा दिसला, हे मी विचारलं नाही. पण मालकांनी फर्मान काढलं, या रविवारी बंद पडला तर दादासोंची नोकरी गेली. मला फार वाईट वाटलं. मी साहेबांना एसटीत घालून कुपवाडला नेलं.

दुपारी आमच्या डोळ्यांदेखत कॉम्प्युटर बंद झाला, चालू झाला आणि निळ्या पडद्यावर अडून बसला.

"प्लग जागेवर आहे," साहेब पुटपुटले. "म्हणजे दादासो भलताच मुरलेला आहे!"

दादासोंनी हात जोडले. "सायेब, नारळ उचलू का?"

"कसला नारळ?"

"त्यो काय, कीबोर्डावर. मायाताई सोमवारी आदी नारळ उचलत्यात, मग बटण दाबत्यात. लगीच चालू हुतंय."

नारळ डिलीटच्या बटणावर ऐसपैस बसला होता. चालू होताना ते बटण दाबलेलं असलं, की कॉम्प्युटर सेटिंगचं पान उघडून माणसाची वाट बघत बसतो. मी नारळ उचलून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. दोन मिनिटांत भट्टीचे आकडे सुरू झाले.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" साहेब गरजले.

"आवं, तुमीच ठेवलाय की! खंडेनवमीला पूजा करून. म्हणलासा, मायाताई कामापुरता उचलतील, जाताना परत ठेवतील, दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई. मी रोज कडंकडंनं फडकं मारतुया."

साहेबांनी नारळ हळूच आपल्या पिशवीत टाकला. मग मालकांना पाठवायचा अहवाल सांगू लागले, "गुन्हेगार, अज्ञात इसम..."

दादासो अजून हात जोडूनच उभे होते. मी त्या जागी साहेबांचं पूर्ण नाव लिहिलं, खाली साताऱ्याचा पत्ता टाकला आणि पाठवून दिलं.