महाराजांच्या चेहऱ्याचं खरबूज

एका जंगलात, बालमित्रांनो, एक थंडगार गुहा होती आणि जंगलाला तिचा फार अभिमान होता. सिंहमहाराजांनी स्वतः फीत कापून तिचं उद्‌घाटन केलं होतं. दारावर पाटी होती, ‘येथे काहीही नासत नाही.’ पाटीखाली महाराजांच्या पंजाचा ठसा होता. मग नासण्याची हिंमत कोण करणार?

त्या जंगलात दर वर्षी ज्येष्ठांचा सत्कार होई. शाल, नारळ आणि खरबुजाच्या फोडी. पहिली फोड सत्कारमूर्तीने खायची, मग बाकीच्यांनी. तो मानच होता.

यंदाचे सत्कारमूर्ती होते भैरूआबा गवे. आबा म्हातारे होते. शिवाय नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठले होते. त्यांचं औषध असं होतं, की त्याने शरीरातले पहारेकरी पेंगायचे.

समारंभाचा चिटणीस कोल्हा. त्याने नदीकाठच्या मळ्यातून भलंमोठं खरबूज आणलं. धुतलं नाही. साल कोण खातं? अर्ध्यावर त्याने महाराजांचा चेहरा कोरला, अर्ध्याच्या फोडी केल्या आणि सगळं गुहेत ठेवलं.

सालीवर एक जंतू होता. सुरीबरोबर तो आत गेला. गुहेतल्या थंडीने बाकीचे जंतू मुटकुळं करून बसले. हा मात्र थंड हवेच्या ठिकाणी सुटीला आल्यासारखा खूश झाला. त्याने तिथेच संसार थाटला.

महाराज ठरल्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आधी शिकार होती, मग झोप, मग झोपेचा थकवा. आठवडा उलटला.

आबांची मुलगी भिंगरी गुहेत जाऊन कोल्ह्याला म्हणाली, “चिटणीसकाका, हे फेका. दुसरं आणा, धुऊन कापा आणि लगेच वाढा. आबांची तब्येत तुम्हाला माहीत आहे.”

“अगं, वास तरी येतोय का?”

“नाही.”

“मग? आणि फेकू कसं? महाराजांचा चेहरा आहे त्यावर!”

“चेहरा ठेवा. फोडी फेका.”

“फोडी म्हणजे महाराजांचंच डोकं आहे, मागच्या बाजूने. ते फेकलं तर आधी माझं शेपूट जाईल, मग तुझी शिंगं.”

भिंगरी आबांकडे गेली. “आबा, फोड खाऊ नका.”

“पोरी, जन्मभर या जंगलाच्या वाटा मी तुडवून मोकळ्या केल्या. कुणी पाणी विचारलं नाही. आता शाल घालतायत, तर तोंड फिरवू?”

“शाल घ्या ना. फोड नका घेऊ.”

“वाईट दिसतं गं ते.”

अखेर महाराज आले. आबांनी एक फोड मान म्हणून खाल्ली. दुसरी गोड लागली म्हणून. उरलेला ढीग माकडांनी संपवला. माकडांची पोटं जराशी बिघडली आणि लगेच सुधारली. ती पुन्हा उड्या मारू लागली.

काही आठवड्यांनी आबांना ताप भरला. मान ताठली. ते भिंगरीला तिच्या आईच्या नावाने हाका मारू लागले.

घुबडवैद्य आले. “काल काय खाल्लं होतं?”

“काल गवतच. पण सत्काराच्या दिवशी...”

“ते कधीच जिरलं. खरबूज बाधलं असतं तर माकडांना नसतं बाधलं? बघ, कशी ठणठणीत आहेत.”

“वैद्यबुवा, माकडं तरुण आहेत!”

“तेच तर म्हणतोय मी. हा वयाचा आजार.”

मुलांनो, त्या जंतूवर पाला होता. वैद्यांच्या ढोलीतच होता. पण वयावर पाला नसतो, म्हणून त्यांनी तो काढला नाही.

आबा गेले.

शोकसभेला महाराज अगदी वेळेवर आले. म्हणाले, “आबा थोर होते. त्यांचं वय झालं होतं. गुहा निर्दोष आहे.” माकडांनी टाळ्या वाजवल्या. मग शोकसभा असल्याचं आठवून थांबवल्या.

मग कोल्ह्याने गुहेतून नवं खरबूज आणवलं. त्यावर आबांचा चेहरा कोरला होता. शिंगं तर हुबेहूब.

भिंगरी त्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, “हे कापलं कधी?”

“आबांना ताप आला ना, त्याच दिवशी,” कोल्हा हळव्या आवाजात म्हणाला. “आयत्या वेळी धावपळ नको. घे, पहिली फोड तुझी.”

भिंगरीने खुराने ते खरबूज चिरडलं.

वडिलांच्या स्मृतीचा अवमान केल्याबद्दल तिला जंगलाबाहेर काढण्यात आलं. ठराव एकमताने झाला. मांडला माकडांनी.

तात्पर्य : मुलांनो, थोरामोठ्यांचा मान राखावा. जीव राखणं समारंभात बसत नाही. आणि आपल्याला काही झालं नाही म्हणजे कुणालाच काही झालं नाही, असं समजावं. ज्यांना झालं, त्यांचं वय झालं होतं. तुमचंही होईल. तोवर फोडी खा. थंड आहेत.